सेंद्रिय खर्चाचा क्रम

सेंद्रिय आहार सामान्य कुटुंबाला परवडतच नाही, असा सूर असलेला रविवार पुरवणीतील लेख वाचला. सगळी यादी एकदम सेंद्रिय करायला निघालो तर तो सूर खराच ठरेल. पण तशी गरज नसते. पालेभाज्या आणि सालीसकट खाल्ली जाणारी फळे यांवर कीटकनाशकांचे अंश तुलनेने जास्त सापडतात, तेव्हा जादा पैसे तिथे मोजावेत. कांदा, मटार, अननस साधे घेतले तरी चालतात. सेंद्रिय बिस्किटे तर यादीतून सरळ काढावीत. त्यातली साखर साखरच असते. प्रथिनांसाठी सुटी कडधान्ये घ्यावीत. १ किलो कोरडे कडधान्य भिजून, शिजून सुमारे अडीच किलो होते.

खरे बजेट कोलमडते ते नासाडीने. पालेभाजी ओली ठेवली की दोन-तीन दिवसांत पाने काळी पडून चिकट होतात. ती न धुता निवडावी, कोरड्या सुती कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवावी आणि आठवड्याच्या सुरुवातीलाच संपवावी. गाजर, बीट, भोपळा शेवटच्या दिवसांसाठी राखावेत. सेंद्रिय आहे म्हणून न धुता खाणे मात्र नको. माती आणि जंतू त्यावरही असतातच.

– एक वाचक