निवेदक म्हणजे लेखक नाही, हे पोरांना कोण सांगणार?

माननीय संपादक,
स.न.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतली कथा मी कधी चुकवत नाही, म्हणून हे पत्र तुम्हालाच लिहितो आहे. माझी भाची दहावीला आहे. कथानक, पात्रचित्रण, वातावरणनिर्मिती, निवेदन, सगळ्या व्याख्या तिच्या तोंडपाठ. पण एक कथा वाचून झाल्यावर मी विचारलं की ही गोष्ट कोण सांगून राहिलं, तर म्हणे, लेखक, आणखी कोण मामा!

गोष्ट सांगणारा तो निवेदक, अन् तो लेखकच असेल असं नाही, हे तिला माहीतच नाही. तिची चूक नाही, व्याख्या पाठ करून कुणाला काय समजते. मग मी तिला आपल्या इकडची गोष्ट रचून सांगितली. आजोबांनी पोळ्याच्या आधी बैल विकला, नंतर त्यांनी जेवण सोडलं. ह्या नुसत्या दोन घटना झाल्या. बैल विकला म्हणून जेवण सोडलं, असं म्हटलं की कथानक सुरू झालं, सगळा खेळ त्या 'म्हणून'चा आहे. आता हीच गोष्ट तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे पोरांच्या पोळ्यासाठी, आपला लाकडी बैल रंगवत बसलेल्या सहा वर्षांच्या नातवानं सांगितली तर? त्याला एवढंच दिसते की आजोबा ताटावरून उठून गेले अन् रिकाम्या गोठ्यात जाऊन बसले, का ते त्याला माहीत नाही, पण आपल्याला कळते, आणि तिथंच गळा दाटून येते. सगळ्यांच्या मनातलं जाणणाऱ्या सर्वज्ञ निवेदकानं आजोबांचं दुःख चार पानं सांगितलं असतं तरी हे झालं नसतं. भाची गप्पच झाली, मग म्हणाली, म्हणजे सांगणारा बदलला की गोष्टच बदलते. हेच तर पाहिजे होतं!

व्यंकटेश माडगूळकरांची बनगरवाडी ही कादंबरी (१९५५) घ्या. त्यातला 'मी' म्हणजे राजाराम सौंदणीकर हा तरुण मास्तर, माडगूळकर स्वतः नाही. आणि त्यातला दुष्काळ म्हणजे मागं लावलेला पडदा नाही, त्याच्यापायी माणसं वाडी सोडून जातात, तिथं वातावरणच कथानक ओढून नेते. संघर्षाचंही तसंच, पोरांना वाटते मारामारी पाहिजे, पण बैल ठेवावा की कर्ज फेडावं ही आजोबांच्या मनातली ओढाताण हाच संघर्ष. अन् 'या कथेतून काय बोध मिळतो' हा प्रश्न तर बंदच करा बाप्पा, आशयसूत्र, म्हणजे कथाभर वाहणारा मूळ विचार, वेगळं अन् तात्पर्य वेगळं, तात्पर्य इसापनीतीला शोभते.

माझी विनंती एवढीच की पुरवणीत कथेच्या खाली एक छोटी चौकट द्या. दर रविवारी एकच शब्द घ्या, आणि उदाहरण त्याच दिवशीच्या कथेतलं द्या म्हणजे पोरं लगेच वर जाऊन कथा पुन्हा वाचतील. सुरुवात निवेदकापासून करा, कथानक दुसऱ्या रविवारी आलं तरी चालेल.

आपला,
एक वाचक, प्रतापनगर, नागपूर