परिक्रमेच्या दोन सीट

प्रिय आई-बाबा,

आधी सांगूनच टाकते, नर्मदा परिक्रमेच्या बसमधल्या तुमच्या दोन्ही सीट मी काल कॅन्सल केल्या. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर बाबांनी फोन आईकडे दिला असता, आई रडली असती आणि मी गप्प बसले असते. दिवाळीनंतरच्या बॅचला नावं घातलीत, डिपॉझिट बुडालं नाहीये.

बाबा, किडनी गेलेली नाही, हे डॉक्टरांना तीनदा विचारून लिहितेय. थायरॉइड मंदावला की किडनीकडे रक्त कमी जातं, म्हणून क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो कचरा, वाढलं, थायरॉइड सुधारला की ते बऱ्यापैकी खाली येतं. आणि ती हृदयाची गोळी डिगॉक्सिन, तुमची पाच दिवस घ्यायची दोन दिवस सुट्टीवाली, ती शरीरातून जाते मुख्यतः किडनीवाटेच. गोळी होती तेवढीच, पण निचरा कमी, मग रक्तात साचत गेली. मळमळ, जेवण नकोसं होणं, ट्यूबलाइट पिवळी दिसणं, पल्स ४८, सगळं त्यातलंच, आणि आपण पित्त पित्त करत बसलो. आई, तुझ्या खिचडीत काही कमी नव्हतं गं.

थायरॉइडची गोळी चार महिने बंद ठेवलीत, बायकांचा आजार म्हणून! भर मार्चमध्ये स्वेटर घालून बसत होतात तेव्हाच मला कळायला हवं होतं. रागावले नाहीये. थोडी रागावलेय.

रंगपंचमीच्या गेरच्या मिरवणुकीत मला खांद्यावर घेऊन राजवाड्यापाशी तास तास उभे राहायचात, आता जिना चढताना मधे थांबता ते मला बघवत नाही हो.

तर आता ऐका. थायरॉइडची पंचवीसची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहा अर्ध्या-पाऊण तासानी आणि पोहे त्याच्याही नंतर. कॅल्शियम रात्रीच. हृदयाला एकदम जोर नको म्हणून डोस छोटा आहे, लगेच फरक दिसणार नाही, सहा आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि क्रिएटिनिन परत करायचंय. डिगॉक्सिन डॉक्टरांनी थांबवलीय, बरं वाटलं तरी मनानी सुरू करायची नाही, आजोबांच्या वेळचं परत नको. पलंग खालच्या खोलीत खिडकीपाशी लावून घ्या, तिथे ऊन येतं, पेपरही वाचता येईल. चक्कर आली तर वरच्या काकूंना हाक मारायची, संकोच करत बसायचं नाही.

शुक्रवारी रात्रीच्या बसने बडोद्याहून निघतेय. लिलो चेवडा आणतेय. बाबांना एकच मूठ.

तुमची पिंटी