राणीमागचा जोकर: नियम आधी ठरवा

महोदय,

अमेरिकेतल्या घरगुती बैठकांतला ‘फॉलो द क्वीन’ हा सात पानी स्टड पोकरचा (काही पाने उघडी, काही झाकलेली वाटून सातांतल्या पाच पानांचा उत्तम हात जुळवण्याच्या खेळाचा) प्रकार आपल्याकडच्या तीन पत्तीवाल्यांनी जरूर खेळावा. दोन पाने झाकून, चार उघडी, सातवे पुन्हा झाकून. प्रत्येक फेरीनंतर बोली. उघडी राणी पडली की तिच्यानंतर उघडे पडणारे पान ज्या दर्जाचे (सत्ती, अठ्ठी वगैरे), त्या दर्जाची सगळी पाने जोकर. दुसरी राणी आली की जुना जोकर रद्द! म्हणून हातात दोन जोकर आहेत या भरवशावर चौथ्या पानालाच मोठी बोली लावणे धोक्याचे.

भांडणे होतात ती न ठरवलेल्या गोष्टींवरून. राणी स्वतः जोकर की नाही? शेवटचे उघडे पान राणीच निघाले तर? (आमच्या मते मग त्या डावात जोकरच नसावा.) जोकरमुळे एकाच दर्जाची पाच पाने जमू शकतात, तो हात स्ट्रेट फ्लशच्या (एकाच चिन्हाच्या सलग पाच पानांच्या) वर धरावा. वाटप क्रमानेच हवे, पान चुकले तर जोकरच बदलतो.

सातजणच बसवा, ४९ पाने लागतात. आठवा असला आणि कुणीच डाव सोडला नाही, तर शेवटचे एकच पान मध्ये उघडून सर्वांचे समजावे. पैशांऐवजी कवड्या लावल्या तरी डाव तितकाच रंगतो.

— पत्तेप्रेमी वाचक, पुणे