नातीची फी आणि तुमची पोस्टातली ठेव

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

फोनवर नातीच्या फीचा विषय निघाला की बाबा, तुमचं एकच पालुपद, "पैसे कसे पाठवायचे तेवढं सांग." मागून आई म्हणते, "अहो, तिला बोलू तरी द्या." आणि तेवढ्यात रेंज जाते. म्हणून लिहून पाठवते आहे. दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढायला सांगितलंय, भिंग शोधत बसू नका.

आधी निकाल सांगते, मग हवं तेवढं भांडा. नातीचं ठरलं. यूसी सॅन डिएगो, म्हणजे इथली कॅलिफोर्नियाची सरकारी युनिव्हर्सिटी, विषय ह्यूमन बायॉलॉजी. १ मेच्या आत होकार कळवायचा होता, तो कळवून झाला. आणि तिच्या फीसाठी पोस्टातली तुमची सीनियर सिटिझनची ठेव मोडायची नाही. त्यातला एक रुपयाही आम्ही घेणार नाही. बाबा, कपाळाला आठ्या पडल्या असतील तर चष्मा काढा, घोटभर पाणी प्या आणि पुढे वाचा.

"चार वर्षं घालवून नुसतं बायॉलॉजीच? मग नोकरी कसली?" असं तुम्ही विचारलंत. दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर मला राग आला असता. तुमचा नाही आला, कारण रात्री सगळे झोपल्यावर मीही लॅपटॉपवर तेच शोधत होते. जे सापडलं ते न लपवता सांगते. इथे जीवशास्त्राची नुसती पदवी घेऊन लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागलं, तर २०२४ च्या सरकारी आकड्यांप्रमाणे मधला पगार (निम्म्यांना त्याहून जास्त, निम्म्यांना कमी) वर्षाला ५२ हजार डॉलर. माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांचा १ लाख ३३ हजार. बघा, तुम्ही म्हणत होतात तेच. ५२ हजार सातारला ऐकायला पुष्कळ वाटतात, पण सॅन डिएगोत त्यातून घरभाडं आणि गाडी भागली की हातात फारसं उरत नाही.

पण हे नुसत्या पदवीचं झालं. इकडे बारावीनंतर नीट देऊन थेट एमबीबीएसला जाता येत नाही. आधी चार वर्षांची कुठली तरी पदवी, मग चार वर्षं मेडिकल, मग रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात काम करत शिकायचं, किमान तीन वर्षं. पदवी इतिहासाचीही चालते, फक्त बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स हे ठरलेले विषय झालेले लागतात. ह्यूमन बायॉलॉजीत यातले बहुतेक ओघानेच होतात. तरी सगळ्यांना मेडिकल मिळतं असं नाही. दरवर्षी पन्नास हजारांवर मुलं अर्ज करतात, आत जातात तेवीस हजारांच्या आसपास, हे तिलाही सांगून ठेवलंय. नाहीच मिळालं तरी वाटा आहेत. फिजिशियन असिस्टंट म्हणून असतात इथे, डॉक्टरांच्या हाताखाली पेशंट तपासतात, औषधं लिहून देतात. त्यांचा मधला पगार आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांइतकाच आहे. पदवीवर एक वर्षाचं ट्रेनिंग आणि परीक्षा केली की कॅलिफोर्नियात लॅब सायंटिस्टचं लायसन्स मिळतं, किंवा नर्सिंगचा कोर्स करता येतो. नर्सला इथे ९३ हजार डॉलर मिळतात बाबा, नाक मुरडू नका.

तेव्हा या पदवीची किंमत ती केवढ्यात पडते त्यावर ठरणार, एवढं मला कळलं. कर्ज डोक्यावर घेऊन ५२ हजारांच्या नोकरीला लागणं म्हणजे फास. म्हणून आम्ही खाजगी युनिव्हर्सिटीला नाही म्हटलं. तिथे राहणं-जेवण धरून वर्षाला ९० हजार डॉलरच्या वर जात होते. बाईसाहेब दोन दिवस फुगून बसल्या, कारण मैत्रीण तिकडे चालली आहे. मग तुमच्या जावयांनी तिला टेबलाशी बसवून वहीत दोन रकाने आखून दिले आणि म्हणाले, मांड तूच हिशेब. तिने मांडला. नंतर काही बोलली नाही, पण जेवायला आली.

सरकारी युनिव्हर्सिटीत राज्यातल्या मुलांना मूळ फी वर्षाला साधारण १५ हजार डॉलर. होस्टेल धरलं की चाळीस हजारांच्या वर जातं, म्हणून होस्टेल पहिलं एकच वर्ष. त्यानंतर घरून. २०२१ पासून निळ्या लाइनची ट्रॉली, म्हणजे इथली शहरातली रेल्वे, थेट कॅम्पसपर्यंत जाते. शिवाय ज्या फीवर आत शिरलो ती पुढची वर्षंही तीच राहते, सहा वर्षांपर्यंत, असा त्यांचा नियम आहे. ती जन्मल्यापासून आम्ही शिक्षणाच्या खात्यात पैसे टाकतोय. थोडं सरकारी कर्ज ती तिच्या नावावर घेईल. त्याला मर्यादा असते, पहिल्या वर्षी साडेपाच हजार डॉलर, चार वर्षांचे मिळून २७ हजार. तेवढं तिचं तिला फेडता येईल, आणि थोडं ओझं असलेलं बरं. खरी कर्जाची वेळ मेडिकलला येणार. तिथे १ जुलै २०२६ पासून नव्या मुलांना सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरच्या पुढे मिळणार नाही. म्हणून आत्ता जेवढं वाचेल तेवढं तेव्हा कामी येईल. हे गणित तुम्हीच शिकवलंय मला, फक्त तेव्हा ते दूधवाल्याच्या कॅलेंडरवर होतं.

आता तुमची ठेव. ३० लाखांवर ८.२ टक्क्यांनी तुम्हाला दर तिमाहीला ६१,५०० रुपये येतात. मुदतीआधी मोडली तर एक टक्का, म्हणजे सरळ तीस हजार, कापून घेतील. ते गेले तर गेले, पण दर तीन महिन्यांनी खात्यात येणाऱ्या त्या रकमेवर आईची औषधं, कामाच्या मावशींचा पगार आणि तुमचा गॅस चालतो. डॉलर नव्वदीच्या घरात आहे. तिकडे तुमचं घर जे पाच वर्षं ओढू शकतं, त्यात इकडे एक वर्षही धड निघत नाही. तुमचे पैसे कमी आहेत असं नाही हो बाबा, इथली महागाईच मेली तशी आहे.

मला माहीत आहे तुम्ही हे का करताय. कराडच्या वेळचं मी विसरलेली नाही. आईच्या पाटल्यांचंही नाही, जरी त्यावर बोलायचं नाही असं आपलं ठरलंय. दादाच्या वेळी काय झालं तेही मला सगळं दिसत होतं, तुम्हाला वाटतं तेवढी मी लहान नव्हते. जूनमध्ये तुम्ही माझ्या वह्यांना कव्हरं घालायचात. खाकी कागदाची घडी अंगठ्याच्या नखाने दाबत न्यायची, कोपरा दुमडायचा, लेबलवर बोरूने काढल्यासारखं नाव. मी शेजारी गोंदाची बाटली धरून बसायची आणि वाटायचं, या वर्षी पहिला नंबर नाही आला तर या कव्हरांचं काय? नातीसाठी तुम्हाला काही करावंसं वाटतं, ते मला कळतं. पण तुमचं देऊन झालंय. आता तुम्ही आरामात राहिलात की मला इथे झोप लागते, एवढाच माझा स्वार्थ.

आणि आई, "मुलीला हे वेड कुठून लागलं?" असं तू विचारत होतीस ना? तुझ्या गुडघ्यापासून. मागच्या दिवाळीत तिने कालनिर्णयच्या पानामागे तुझा गुडघा काढला होता, वाटी, कूर्चा, दोन हाडं, आणि झीज कुठे झाली ते लाल पेनाने. तू तो कागद डब्यांच्या फळीवर अंथरलास म्हणून ती हिरमुसली होती. त्यावर तिने अर्जात निबंध लिहिला. म्हणजे नातीच्या शिक्षणाला तुमचा हातभार लागून गेलाय, त्याची पावती मागू नका.

आता माझं ऐका, दोघंही. बाबा, पोस्टात ठेव मोडायचा फॉर्म आणून ठेवलाय असं दादा म्हणाला, तो फाडून टाका. १ जुलैचं व्याज आलं की आधी बाथरूममध्ये धरायला स्टीलचा दांडा बसवून घ्यायचा. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन "पावसाळा झाल्यावर" ऐकून मी कंटाळले, तारीख घ्या. पैसे मी दादाकडे पाठवलेत, त्यावरून त्याच्याशी वाद घालू नका, तो मधल्या मधे भरडला जातो. आई, सकाळची गोळी बाबांच्या आधी घेत जा, त्यांचा चहा पाच मिनिटं थांबेल. रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना कागद उलटा धरू नका.

नातीला काही द्यायचंच असेल तर बाबा, तिला पत्र लिहा. मराठीतून, जोडाक्षरं सुटी करून. वाचायला तिला अर्धा तास लागेल, लागू दे.

तुमची,
मनी

ता. क. आई, दादाचा मित्र ऑगस्टमध्ये येतोय, त्याच्याबरोबर फक्त मेतकूट आणि गोडा मसाला दे. लोणच्याची बरणी नको, मागच्या वेळी तेल सुटून त्याचे दोन शर्ट गेले. तो बिचारा बोलला नाही, मला त्याच्या बायकोकडून कळलं.