कॉट किती, ते दारावर लिहा

संपादक महोदय,

पुण्यात सदाशिव, नारायण आणि नवी पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एकच कॉट भाड्याने घेऊन, राहणाऱ्या मुलामुलींविषयी सोसायट्यांच्या तक्रारी नव्या नाहीत. रात्री एक वाजता जिन्यात मोबाइलवर चाललेल्या गप्पा, फाटकासमोर आडव्यातिडव्या लावलेल्या दुचाक्या, सकाळी आठलाच तळ गाठणारी टाकी. मी याच भागात राहतो, त्यामुळे या तक्रारी खोट्या आहेत असे मी म्हणणार नाही. पण अर्ज होतो तो नेहमी मुलांविरुद्ध. तीन खोल्यांच्या जागेत बारा कॉट ज्याने टाकल्या, त्याचे नाव अर्जात नसते, कारण ते इमारतीत कुणाला ठाऊकच नसते.

हा धंदा कसा चालतो ते पेठेत सर्वांना माहीत आहे. मूळ मालक कोथरूडला नाहीतर मुलाकडे परदेशात. तो अकरा महिन्यांच्या करारावर जागा एकाच्या ताब्यात देतो. तो गृहस्थ लोखंडी कॉट आणून टाकतो, दर कॉटमागे डिपॉझिट आणि महिन्याचे भाडे घेतो. पूर्वी निदान पैसे न्यायला यायचा, यूपीआयमुळे तेही बंद झाले. टाकी संपली की मुले सेक्रेटरींचे दार वाजवतात आणि सेक्रेटरी मुलांवरच ओरडतात.

कायदे नाहीत असे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी हवा, नोंदलेला हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. भाडेकरूंची माहिती पोलिसांना द्यावी लागते. मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटीला बिगर-भोगवटा शुल्क घेता येते, पण २००१ च्या सरकारी आदेशानुसार सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त नाही. करार झाला, पोलिसांकडे नावे गेली, सोसायटीचे शुल्क भरले. एवढे सगळे होऊनही एका खोलीत माणसे किती, हे विचारणारा कागद यात कुठेच नाही. १९४७ च्या जुन्या मुंबई भाडे कायद्यात पेइंग गेस्टची व्याख्या होती: मालक स्वतः राहतो त्या घराचा काही भाग ज्याला वापरायला दिला, तो. आज तसे घर पेठेत शोधून दाखवावे!

बंगळूरच्या महापालिकेने ऑगस्ट २०२४ मध्ये पीजींसाठी, म्हणजे पेइंग गेस्ट ठेवणाऱ्या जागांसाठी, नियमावली काढली. एका शहरात नियम निघाले म्हणून तिथे सारे आलबेल झाले असे नव्हे, पण मोजमाप तरी ठरले: माणशी किमान ७० चौरस फूट जागा आणि रोज १३५ लिटर पाणी. आता आपल्याकडची दहा बाय बाराची खोली घ्या. या हिशेबाने तिथे एकच जण राहू शकतो, आपल्याकडे चार कॉट असतात. बारा जणांना रोज १,६२० लिटर पाणी लागते, पाच जणांच्या कुटुंबाला ६७५. टाकी आठ वाजता का संपते, याचे उत्तर मुलांच्या शिस्तीत शोधण्यात अर्थ नाही.

इंग्लंडमध्येही एकट्या प्रौढाच्या झोपायच्या खोलीचे किमान माप जवळपास तेवढेच आहे, ६.५१ चौरस मीटर. तिथे वेगवेगळ्या कुटुंबांतले पाच किंवा अधिक जण स्वयंपाकघर, न्हाणीघर वाटून एका घरात राहत असतील तर स्थानिक परिषदेचा परवाना लागतो. ऑक्टोबर २०१८ पर्यंत ही सक्ती फक्त तीन किंवा अधिक मजली घरांना होती, नंतर मजल्यांची अट गेली. मला त्यातल्या दोन गोष्टी विशेष पटतात. परवान्यांची नोंदवही कुणालाही पाहता येते, आणि घर सांभाळणाऱ्याचे नाव, पत्ता, फोन नंबर घरात ठळक जागी लावावा लागतो. म्हणजे शेजाऱ्याला भांडायचे तर योग्य माणसाशी भांडता येते.

पुण्यातही असा परवाना हवा. महापालिकेने तो कॉट चालवणाऱ्याच्या नावाने द्यावा, किती माणसांसाठी आहे ते त्यावर लिहावे आणि एक प्रत इमारतीच्या दारावर लावायला लावावी. मात्र त्यासाठी शेजाऱ्यांची किंवा सोसायटीची ना हरकत मागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. काही सोसायट्या 'बॅचलर नकोत' असे ठराव करतात. त्यांच्या हाती ही किल्ली दिली की कॉट राहतील बाजूला आणि आडनाव काय, कुठल्या जिल्ह्यातले, मटण-मासे खाता का, याच चौकशा सुरू होतील. त्या आजही होतात. जागा, पाणी, संडास, जिना आणि आगीपासून सुरक्षितता एवढेच तपासावे.

कॉटचे भाडे वाढेल हा आक्षेप खरा आहे. परभणी, बीड, बुलढाण्याहून राज्यसेवेच्या तयारीला आलेल्या मुलाचे मेस आणि अभ्यासिकेचे पैसे भरून हातात फार काही उरत नाही. म्हणून ७० चौरस फुटांची अट एकदम लावू नये. पहिल्या वर्षी नुसती नोंद आणि दारावरची पाटी, पुढे टप्प्याटप्प्याने कॉट कमी. आणि सरकारी वसतिगृहे वाढवावीतच, त्याला पर्याय नाही.

सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न महापालिकेला पडू नये. मालक स्वतः राहत असलेल्या घरांना मिळकतकरात ४० टक्के सवलत २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली, त्यासाठी मालक स्वतः राहतो हे दाखवणारे पीटी-३ अर्ज भरून घेतले गेले. नोंदलेल्या भाडेकरारांची माहिती नोंदणी विभागाकडे असते. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की मालक कुठे राहत नाही ते कळेल; तिन्ही पेठांतल्या तशा मिळकती आधी तपासाव्यात.

आपला,
एक वाचक,
सदाशिव पेठ, पुणे ३०