कोळशावरचा उपकर गेला, त्याची दखल कोणी घेतली?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

कार्बन कर ही श्रीमंत देशांची चैन असून ती भारताला परवडणारी नाही, अशा आशयाचा लेख आपल्या दैनिकात नुकताच वाचला. लेखकाची गरिबांविषयीची काळजी खरी आहे आणि तिच्याशी मी सहमतही आहे. मात्र असा कर आपल्याकडे कधी नव्हताच, हे लेखात गृहीत धरलेले दिसते. तो होता. चांगला पंधरा वर्षे होता, आणि २२ सप्टेंबर २०२५ रोजी तो गेला. त्या दिवशी वर्तमानपत्रांनी साबण, बिस्किटे आणि मोटारी किती स्वस्त झाल्या याचे तक्ते छापले. कोळशाची ओळ त्यात असलीच तर तळाशी होती. बडोद्यात अप्रत्यक्ष करांची कामे करण्यात माझी चाळीस वर्षे गेली असल्याने मी मात्र ती ओळ आधी वाचली.

२०१० च्या अर्थसंकल्पात प्रणव मुखर्जी यांनी कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर बसवला. पुढे अरुण जेटली यांच्या काळात तो १००, २०० आणि २०१६ साली ४०० रुपयांवर गेला. एक टन कोळसा जळाला की साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्या हिशेबाने हा एक टन कार्बन डायऑक्साइडमागे सुमारे २७० रुपयांचा कर होता. स्वीडनने १९९१ पासून चढवत नेलेल्या कराची पातळी आज टनाला शंभर युरोंच्या वर आहे. तिच्यापुढे आपला आकडा किरकोळच. तरी तत्त्व तेच होते. जो धूर सोडतो त्याच्या हिशेबात धुराची किंमत धरायची, हा अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली मांडलेला विचार आपण कोणताही गाजावाजा न करता अमलात आणला होता.

त्या पैशाचे पुढे काय झाले, ही या प्रकरणातली खरी गोष्ट आहे. उपकर राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीसाठी होता. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात सुमारे ८६,४४० कोटी रुपये जमा झाले. त्यांपैकी निधीत पोचले सुमारे २९,६०० कोटी, आणि प्रत्यक्ष कामांवर खर्च झाले १५,९०० कोटींच्या आसपास. जीएसटी आल्यावर तर नावही बदलले. तेच ४०० रुपये भरपाई उपकर म्हणून वसूल होऊ लागले आणि राज्यांच्या महसुलाची तूट भरून काढण्याकडे वळले. सौर ऊर्जेसाठी म्हणून घेतलेला पैसा राज्यांच्या तुटीत गेला, याबद्दल कोठे मोर्चा निघाल्याचे मला आठवत नाही. कोणाला तो कर आपण भरतो हेच ठाऊक नव्हते.

आता नव्या रचनेचा हिशेब पाहू. पूर्वी कोळशावर ५ टक्के जीएसटी आणि वर टनाला ४०० रुपये होते; आता उपकर शून्य आणि जीएसटी १८ टक्के. ५ चे १८ झाले म्हणजे कर वाढला, असे वरवर वाटते. परंतु टनाला १,५०० रुपये किमतीच्या देशी कोळशावर पूर्वी ७५ अधिक ४०० असे ४७५ रुपये पडत, आता २७० पडतात. ८,००० रुपये टनाच्या आयात कोळशावर पूर्वी ८०० पडत, आता १,४४० पडतात. साधारण ३,१०० रुपयांच्या खालचा प्रत्येक टन स्वस्त झाला, वरचा महागला. आपली वीज केंद्रे प्रामुख्याने ज्या जास्त राखेच्या, हलक्या प्रतीच्या कोळशावर चालतात, तो पहिल्या गटात मोडतो. वीज स्वस्त पडावी हा हेतू समजण्यासारखा आहे; परंतु कर वजनावरून काढून किमतीवर नेला की त्याचा कार्बनशी असलेला संबंध तुटतो. बाजारात कोळसा उतरला की करही उतरतो, धूर मात्र तेवढाच राहतो.

वीज केंद्रांची वीज जीएसटीबाहेर असल्याने त्यांना हा कर निदान सोसावा तरी लागतो. कारखान्यांचे तसे नाही. बॉयलरसाठी कोळसा घेणाऱ्या रंग-रसायनांच्या कारखान्याला उपकराचे क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेली रक्कम पुढच्या करातून वळती करून घेण्याची सवलत, फक्त उपकरापोटीच वापरता येई, आणि त्याच्या मालावर उपकर नसल्याने ते ४०० रुपये अंगावर पडत. (निर्यातदारांना परतावा मागता येत असे, ती वेगळी कथा, त्या अर्जांनी माझे बरेच केस पांढरे केले.) आता १८ टक्क्यांचे पूर्ण इनपुट क्रेडिट मिळते आणि विक्रीवरच्या करात वळते होते. म्हणजे अशा कारखानदाराच्या हिशेबात कोळशावरील कराचा भार आता उरलेलाच नाही.

याउलट स्कूटरवाल्याकडे पाहा. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. केंद्र आणि राज्य मिळून लिटरमागे अवघे दहाच रुपये कर घेतात असे धरले, आणि प्रत्यक्षात ते त्याहून पुष्कळ अधिक घेतात, तरी कार्बन डायऑक्साइडच्या टनाला चार हजार रुपयांहून जास्त होतात. त्यातून रस्ते बांधले जातात, हे मान्य. तरीही रावपुऱ्यातून मांडवीकडे स्कूटरवर भाजी आणायला जाणारा माणूस त्याच टनासाठी वीज केंद्राच्या कित्येक पट भरतो, ही विषमता लक्षात घेतल्यावर आपल्याकडे कार्बन कर नाही असे म्हणवत नाही. तो आहे, फक्त ज्याच्याकडून वसूल करणे सोपे त्याच्यावर आहे.

लेखकाचा दुसरा मुद्दा युरोपचा. तेथील सीमेवरच्या कार्बन आकारणीला, म्हणजे ‘सीबॅम’ला, त्यांनी नवा वसाहतवाद म्हटले आहे. १ जानेवारी २०२६ पासून पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट आणि खते यांच्यासह काही आयात मालावर ही आकारणी प्रत्यक्ष लागू झाली आहे. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत माझे एक जुने पक्षकार नट-बोल्ट बनवतात. त्यांच्या जर्मन ग्राहकाने पाठवलेली तक्त्यांची फाईल घेऊन ते दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आले होते. भट्टीला किती गॅस लागला, वायर रॉड कोणत्या गिरणीची, त्या गिरणीत टनामागे किती उत्सर्जन झाले, असे रकानेच रकाने. बोल्टमधल्या कार्बनचा मोठा वाटा त्यांच्या शेडमध्ये निघतच नाही, तो पोलादाच्या गिरणीत निघतो, आणि गिरणीवाले बारा माणसांच्या शेडला आकडे द्यायला बांधलेले नाहीत. एका रकान्यात विचारले होते, उत्पादनाच्या देशात कार्बनची किंमत किती भरली? ते म्हणाले, “साहेब, कोळशाचा तो उपकर लिहू का?” तेव्हा मी त्यांना थांबायला सांगितले, कारण तो आता राज्यांच्या भरपाईचा उपकर होता आणि युरोपचे अधिकारी तो कार्बनचा मानतील याची मला खात्री नव्हती. आज तो प्रश्नच उरला नाही. रकान्यात शून्य लिहायचे.

हा रकाना महत्त्वाचा आहे, कारण मूळ देशात भरलेली कार्बनची किंमत वजा करण्याची तरतूद सीबॅमच्या नियमातच आहे. आज भार हलका आहे; २०२६ मध्ये पूर्ण आकारणीच्या अडीच टक्क्यांपासून सुरुवात आहे, पण २०३४ पर्यंत हे प्रमाण शंभर टक्के व्हायचे आहे. एक टन पोलादामागे दोन-अडीच टन उत्सर्जन आणि उत्सर्जनाच्या टनाला सत्तर युरो धरले, तर तेव्हा पडणारी रक्कम मकरपुऱ्याच्या नफ्यात बसणारी नाही. भारताचे दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे, साठलेल्या कार्बनचा दोष प्रामुख्याने पश्चिमेचा आहे, आणि १९९२ च्या हवामान कराराने मान्य केलेल्या वेगवेगळ्या जबाबदाऱ्यांच्या तत्त्वाला सीबॅम सुरुंग लावतो, हे सारे लेखकाइतकेच मलाही मान्य आहे. व्यापार वाटाघाटींत ते ठणकावून सांगावे. पण निषेध नोंदवून झाल्यावरही तो पैसा कोणाच्या तरी तिजोरीत जाणारच आहे, आणि तो युरोपीय संघाच्या ब्रसेल्सऐवजी दिल्लीत किंवा गांधीनगरात राहण्याचा मार्ग आपणच सप्टेंबर २०२५ मध्ये बंद केला.

सरकार म्हणेल, आमची कार्बन क्रेडिट बाजाराची, म्हणजे मर्यादेहून कमी उत्सर्जन करणाऱ्याला वाचलेला हिस्सा इतरांना विकू देण्याची, योजना येते आहे. ती स्वागतार्ह आहे. सुरतेतील कारखान्यांच्या धुरातील कणांसाठी गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१९ मध्ये चालू केलेला बाजार यशस्वी ठरला. तेथे धूर वीस ते तीस टक्क्यांनी घटल्याचे अभ्यासकांनी मोजून दाखवले आहे. परंतु सुरतेत एकूण धुरावर मर्यादा होती. राष्ट्रीय योजनेत मर्यादा एकक उत्पादनामागच्या उत्सर्जनावर आहे, एकूण उत्सर्जनावर नाही, आणि सर्वांत मोठा उत्सर्जक असलेली औष्णिक वीज सध्या त्या सक्तीबाहेरच आहे.

आता राजकारणाविषयी. फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०१८ मध्ये पिवळी जाकिटे घातलेले लोक रस्त्यावर उतरले आणि महिनाभरात इंधनावरची करवाढ मागे घ्यावी लागली. कॅनडाचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथे कार्बन करातून वसूल केलेला बहुतेक पैसा घराघरांना परत दिला जात होता, आणि निव्वळ जमाखर्च पाहिला तर बहुतांश कुटुंबांना भरलेल्याहून जास्त मिळते, असा हिशेब संसदेच्या अर्थसंकल्प अधिकाऱ्याने मांडला होता. तरी पंतप्रधान मार्क कार्नी यांनी १ एप्रिल २०२५ पासून ग्राहकांवरचा हा कर शून्यावर आणला. पंपावरचा आकडा दर आठवड्याला डोळ्यांपुढे येई. परतावा आधी वर्षातून एकदा विवरणपत्रात आणि नंतर तिमाहीला बँकेत, बराच काळ लक्षात न राहणाऱ्या नावाने येत असे.

आपल्याकडे नेमके उलटे करता येईल. कर खाणीच्या किंवा बंदराच्या तोंडाशी, टनावर घ्यावा; परतावा मात्र घरी येणाऱ्या वीजबिलावर ठळक अक्षरांत दाखवावा. गुजरातेत आमच्या बिलावर ‘एफपीपीपीए’ नावाची इंधन आकाराची ओळ असते आणि तिच्याविषयी शिव्या घालण्याइतकी ती प्रत्येकाला पाठ आहे. तिच्याखाली ‘कोळसा कर परतावा’ अशी वजा रक्कम का असू नये? देशात वर्षाला शंभर कोटी टनांहून अधिक कोळसा लागतो. टनाला जुने ४०० रुपयेच धरले तरी ४०,००० कोटी होतात; सुमारे तीस कोटी कुटुंबांत समान वाटले, तर घरटी महिन्याला १११ रुपये येतात. एका युनिट विजेला सुमारे ७०० ग्रॅम कोळसा लागतो, म्हणजे कराचा बोजा युनिटला २८ पैसे. महिन्याला दोनशे युनिट वापरणाऱ्या घरावर ५६ रुपयांचा भार पडेल. सिमेंट-पोलादाच्या किमतींतून येणारा आडवाटेचा भार निराळा धरावा लागेल, आणि ज्यांच्या नावावर मीटरच नाही अशा भाडेकरूंना शिधापत्रिकेला जोडलेल्या खात्यात पैसे द्यावे लागतील. गॅसचे अनुदान खात्यात जमा करण्याचा अनुभव २०१५ पासून आपल्यापाशी आहेच.

जीएसटी परिषदेत हा विषय कोणी काढायचा, हा प्रश्न राहतो. आशियातला पहिला स्वतंत्र हवामान बदल विभाग २००९ मध्ये गुजरातने स्थापन केला, तेव्हा तो गुजरातच्याच अर्थमंत्र्यांनी काढावा, अशी या पत्राद्वारे माझी विनंती आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त करसल्लागार
दांडिया बझार, बडोदे