वॉकरच्या आधाराने टाकलेली पावले

महोदय,

मनगटावरचे फिटनेस घड्याळ प्रामुख्याने हाताच्या लयबद्ध झोक्यावरून पावले मोजते आणि त्यावरूनच हे चालणे की धावणे, हे ठरवते. त्यामुळे गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर माझ्या आईने दोन्ही हातांनी वॉकर घट्ट धरून, थांबत थांबत अंगणाला घातलेल्या चार फेऱ्या घड्याळाच्या लेखी घडल्याच नाहीत, आणि तो शून्याचा आकडा पाहून तिचा चेहरा उतरला. दोन्ही हातांत भाजीच्या जड पिशव्या घेऊन येणाऱ्यांची पावलेही अशीच निसटतात. शिवाय मिनिटाला सुमारे १०० पावले म्हणजे मध्यम गतीचे चालणे, हा ढोबळ निकष निरोगी प्रौढांचा आहे, आईसारख्यांचा नव्हे. १०,००० पावलांचे उद्दिष्ट तर १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या पाऊलमापकाच्या ‘दहा हजार पावलांचा मापक’ अशा अर्थाच्या नावावरून रूढ झाले. तेच घड्याळ घोट्याला बांधल्यावर आईची पावले बरीच नीट मोजली गेली. उत्पादकांनी ‘काठी किंवा वॉकरच्या आधाराने चालणे’ हा स्वतंत्र प्रकार द्यावा आणि विक्रेत्यांनी ही मर्यादा ज्येष्ठांना खरेदीपूर्वीच स्पष्ट सांगावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, सातारा